शेवंताबाईचा उलटा धोतरा

बालाघाटहून वारासिवनीकडे निघालं की डाव्या हाताला माझी नर्सरी लागते. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘हेमराज फुंडे, रोपे व बागकाम सल्ला’ असं लिहिलं आहे. त्यातला ‘सल्ला’ हा शब्द हल्ली माझ्या डोळ्यात खुपतो. पुसून टाकावा असं दोनदा मनात आलं, पण पेंटर कारण विचारेल म्हणून राहू दिला. कारण सांगण्यासारखं नाही. तरी आज सांगायला बसलो आहे, कारण हे शेवंताबाईबद्दल आहे, आणि तिच्याबद्दल खरं बोलणारा या गावात एक तरी माणूस असावा.

शेवंताबाई रामटेके माझ्याकडे नऊ वर्षं मजुरीला होती. पिशव्यांत माती भरणं, निंदण, झारीनं पाणी घालणं, ही तिची कामं. बाई अंगानं बुटकी, चालणं भराभर, बोलणं मोजकं. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. मी तिला ‘तू’ म्हणायचो आणि ती मला ‘भाऊ, तुम्ही’ म्हणायची, आणि नऊ वर्षांत यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. तिचा नवरा नथ्थू उकव्याच्या खाणीत कामाला होता. तेव्हा ती तिथल्याच एका साहेबाच्या बंगल्यावर बाग पाहायची. नथ्थू निवृत्त झाला, दोघं बालाघाटला येऊन वॉर्डात दोन खोल्या बांधून राहिली, आणि वर्षाच्या आत नथ्थूला लकवा मारला. तेव्हापासून तो खाटेवर आणि ही कामावर, आधी इकडेतिकडे, मग माझ्याकडे.

येताना तिनं बंगल्यातून एक गोष्ट आणली होती. ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या उलट्या धोतऱ्याच्या काड्या. पुस्तकात ज्याला ब्रुगमॅन्सिया म्हणतात, त्याला आमच्याकडे उलटा धोतरा म्हणतात. साध्या धोतऱ्याचं फूल आभाळाकडे तोंड करतं, याचं जमिनीकडे. वीतभर लांब फुलं झाडाला ओळीनं लटकतात आणि दिवस बुडाला की असा वास सुटतो की रस्त्यानं जाणारा माणूस सायकलवरून उतरतो. विष मात्र साध्या धोतऱ्यासारखंच, पानापासून बीपर्यंत. उकवा जंगलात, उंचावर. तिथं वैशाखातही पहाटे अंगावर काहीतरी ओढावं लागतं. बालाघाटचं ऊन वेगळं आहे. इथं त्या काड्या जगल्या, पण फुलेनात. मग बाईनं बिया लावायला घेतल्या. दरवर्षी तेलाच्या रिकाम्या डब्यांत तीस-चाळीस रोपं करायची आणि त्यातून एखादं निवडायची. कसं निवडायची, हे मला फार उशिरा कळलं, कारण मी कधी विचारलंच नाही.

आता माझं ऐका. मी माणूस तापट. गिऱ्हाइकापुढं गोड, मजुरापुढं तिखट. दीड वर्षामागच्या हिवाळ्यात ज्योत्स्ना मॅडम माझ्याकडे आल्या. गोंदिया रोडला त्यांचं लग्नाचं लॉन आहे. मोबाइलवर त्यांनी उलट्या धोतऱ्याचं चित्र दाखवलं. लाल फूल, आत पिवळा गळा. फाटकापासून मंडपापर्यंत अशी वीस झाडं पाहिजेत म्हणाल्या. मी कधी लाल लावलेलं नव्हतं. पण ‘माहीत नाही’ हे शब्द माझ्या तोंडातून निघत नाहीत. पहाडी भागातल्या एका नर्सरीतून मी वीस रोपं मागवली.

खोकी उघडायला शेवंताबाईच होती. तिनं एक पान दोन बोटांत धरून चोळलं, उलटून पाहिलं आणि म्हणाली की भाऊ, हे केसाळ पानाचं थंड्या मुलखाचं झाड आहे. याला रात्री गार हवा लागते. आपल्याकडे ते फार तर पानं देईल, फूल देणार नाही, आणि चैत्रात पानंही टाकेल. गरम गावात पांढरं लावा, नाहीतर फिकट केशरी. दुहेरी पाकळीचंही नको, त्याची कळी उन्हानं आतल्या आत सडते. हे सगळं ती सहज, मदत म्हणून सांगत होती. मॅडम शेजारीच उभ्या होत्या.

“तुले कोनं विचारलं?” मी म्हणालो. “पिशव्या भर.”

बाकीच्या बाया हसल्या. मीही हसलो. शेवंताबाईनं पिशव्या भरल्या.

एप्रिल उलटेपर्यंत विसाच्या वीस रोपांच्या वाळक्या काटक्या झाल्या. मॅडमनी त्या गाडीच्या डिक्कीत घालून आणल्या आणि चार गिऱ्हाइकांदेखत माझ्या टेबलावर ओतल्या. नंतर हिंदीत बोलल्या, हळू आवाजात, आणि ते जास्त लागलं. “फुंडेजी, आपको पता नहीं था तो बोल देते.” मी तिथल्या तिथं शब्द दिला की पंधरा दिवसांत भर उन्हात फुलणारी जात आणून देतो. कुठून आणणार, याचा मला पत्ता नव्हता.

त्याच आठवड्यात शेवंताबाई दोन दिवस कामावर आली नाही. नथ्थूला ताप होता. निरोप तिनं पाठवला होता, पण मला पाण्याला माणूस पाहिजे होता. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटरवर बसून तिला बोलायला तिच्या घरी गेलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मागच्या अंगणात न्हाणीजवळ ती भांडी घासत होती, आणि तिच्या डोक्यावर ते झाड होतं.

दीड पुरुष उंच. न्हाणीचं सांडपाणी बुंध्याशी मुरत होतं, दुपारची सावली शेजारच्या कडुनिंबाची. वरच्या फांद्या न्हाणीच्या पत्र्यावर टेकलेल्या. त्रेचाळीस अंशांच्या त्या उन्हात झाडावर इतक्या कळ्या होत्या की मी मोजताना दोनदा चुकलो. हिरव्या, बोटभर लांब, सगळ्या खाली तोंड करून. मी बोलायला काय आलो होतो ते विसरलो.

तिनं मला खुर्ची दिली आणि झाडाची गोष्ट सांगितली. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. दरवर्षी चैत्र लागला की ती सगळे डबे पश्चिमेच्या भिंतीला लावून ठेवायची, जिथं भिंतीला हात लावला तर चटका बसतो. पाणी सकाळी एकदाच. मग आठ दिवस रोज दिवस बुडताना जाऊन पाहायची.

“दुपारी सारेच मान टाकतात भाऊ,” ती म्हणाली. “त्याचं काही नाही. सांजच्याले कोन उचलते ते पाहाव.”

जे उचलतं ते पास. जे उचलत नाही ते नापास, ते ती उपटून खड्ड्यात पुरायची, बकऱ्यांनी तोंड लावू नये म्हणून. नापास झाडाची काडी ती कोणाला देत नसे. दुसऱ्याच्या दारात ते फसलं तर शिव्या झाडाला बसतील, हे तिला सहन होत नसे. बारा वर्षांत एवढं एकच झाड तिनं जमिनीत लावलं. पण तेही आतापर्यंत होळीच्या आधी फुलायचं, नाहीतर एकदम श्रावणात. वैशाखात कधीच नाही. आणि तिला ते वैशाखात पाहिजे होतं. त्यांच्या वॉर्डातल्या विहारात त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला नवी मूर्ती बसायची होती. बायांनी कामं वाटून घेतली, कोणी खीर, कोणी पताका. शेवंताबाईनं भर बैठकीत सांगितलं होतं की फुलं माझ्या घरची. बाजारची नाहीत, पांढरी, माझ्या दारची. कळ्यांचा अंदाज घेऊन ती म्हणत होती की बरोबर पुनवेला उमलतील. तिच्या तोंडावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता.

मी म्हणालो, झाड चांगलं आहे. एवढंच. ती समजली.

आमच्या भागात रोप तोंडानं मागत नाहीत. मागितलेलं लागत नाही, चोरलेलं लागतं, असं सगळे मानतात. म्हणून कोणाला कोणाच्या दारचं रोप आवडलं की घरची बाई मुद्दाम पाठ करून उभी राहते, पाहुणी काडी मोडून पदराखाली घेते, आणि दोघीही काही झालंच नाही असं दाखवून चहा पितात. देण्याचीच ती रीत आहे. शेवंताबाई मला म्हणाली, “पुनव होऊ द्या भाऊ. आता हात लावला तं साऱ्या कळ्या गाळीन ते. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी मी पाठ फिरवून उभी राहीन. लागन तेवढं न्या.”

पुनव नऊ दिवसांवर होती. मला थांबायचं होतं फक्त नऊ दिवस.

मी का थांबलो नाही, याची बरीच कारणं मी स्वतःला दिली आहेत. मॅडमचा फोन रोज येत होता, हे एक. पण फोन उचलून आठ दिवस मागता आले असते. खरं कारण असं की ज्या बाईला मी चारचौघांत ‘पिशव्या भर’ म्हणालो, तिच्याच हातचं झाड मी मॅडमना द्यायचं, आणि ती बाई ते देताना माझ्याकडे पाहणार. आणि आणखी आत एक कारण आहे. मी जातपात मानत नाही, असं मी कुठंही छाती काढून सांगतो. पण तिच्या मोहल्ल्यात, तिच्या अंगणात, तिनं उदार होऊन पाठ फिरवायची आणि मी फुंड्यांच्या घरच्यानं खाली वाकून घ्यायचं, हे मला जड जात होतं. घेतलं तर माझ्या अकलेनं, असं मला पाहिजे होतं. हे लिहिताना आत्ताही कान तापतात.

पुनवेला पाच दिवस राहिले असताना मी शेवंताबाईला सांगितलं की आज पंप दुरुस्त करायला माणूस येणार आहे, संध्याकाळपर्यंत हलू नको. पंपाला काही झालेलं नव्हतं. दुपारी दोनला मी तिच्या घरी गेलो. आतून नथ्थूनं विचारलं, कोन? मी म्हणालो, हेमराज, झाडाले कीड लागली का पाहून जातो. तो म्हणाला, पाहा भाऊ, आणि उन्हाचे आले, माठातलं पानी घ्या आधी. त्याला उठता येत नव्हतं. मी स्वतःच्या हातानं त्याच्या माठातलं पाणी घेतलं आणि प्यालो. ते पाणी फार गार होतं.

मग न्हाणीच्या दगडावर चढून मी फांद्या वाकवल्या. या झाडाचं खोड वर जाऊन जिथं दुभागतं, त्याच्या वरची काडी लावली तर वर्षभरात फुलते. खालची लावली तर आधी दोन वर्षं नुसती उंच होते. मला घाई होती, म्हणून वरच्याच कापल्या. उन्हाळ्यात निम्म्या सडतात हे धरून सात. पत्र्यावर टेकलेल्या बाजूच्या, म्हणजे खालून दिसू नयेत. कापांना ओली माती फासली. वाकवताना एक जाड फांदी कर्रकन वाजली. त्या दुपारच्या उन्हात झाडाला असं कापणं म्हणजे काय, हे मला त्या गावात सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. माझ्या पाटीवरच लिहिलं आहे. घाम डोळ्यात उतरत होता तो मी मनगटानं पुसत होतो. निघताना नथ्थू आतून म्हणाला की भाऊ, लय उपकार झाले.

संध्याकाळी मला डाव्या डोळ्यानं धूसर दिसायला लागलं आणि ट्यूबलाइट सुईसारखी टोचायला लागली. आरशात पाहिलं तर डाव्या डोळ्यातली काळी बाहुली पसरून डोळाभर झाली होती, उजवी होती तशीच. या झाडाचा चीक डोळ्याला लागला की असं होतं आणि पाचसहा दिवस उतरत नाही. म्हणून शेवंताबाई या झाडाला हात लावला की राखेनं हात धुवायची. मी काळा चष्मा घातला आणि सगळ्यांना डोळे आले म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कामावर आल्या आल्या ती माझ्याकडे आली. मला वाटलं कळलं. ती म्हणाली, नथ्थूनं सांगितलं, तुम्ही एवढ्या उन्हाचं झाड पाहायला आलते. आणि डोळ्यात गुलाबपाणी घाला, दिव्याकडे पाहू नका. बाकीच्या बायांना तिनं बजावलं की भाऊंच्या जवळ जाऊ नका, डोळे लागतात. मी चष्म्याआडून तिच्याकडे पाहत होतो आणि मला ती नीट दिसत नव्हती.

पुनवेच्या दोन दिवस आधी ती उशिरा आली. पंपाच्या कट्ट्यावर बसली आणि पदराची गाठ सोडून माझ्यापुढं धरली. आत पिवळ्या पडलेल्या कळ्या होत्या. सगळ्या गळल्या होत्या, एकही राहिली नव्हती.

“भाऊ, तुम्ही पाहून गेलते,” ती म्हणाली. “कीड होती का?”

हीच ती वेळ होती. तिनं मला दार उघडून दिलं होतं. मी चष्मा नाकावर घट्ट बसवला आणि म्हणालो की कीड नव्हती, यंदा ऊनच तसं आहे.

“मंग नापास झालं ते,” ती म्हणाली. तिनं कळ्या परत पदरात बांधल्या. मग म्हणाली की बायांना शब्द दिला आहे, नर्सरीतून पांढरी फुलं मिळतील का. मी दोन टोपल्या मोगरा आणि तगर पाठवून दिली. तेवढ्यानं मला त्या रात्री शांत झोप लागली, याची लाज मला चोरीपेक्षा जास्त वाटते.

पुनवेला संध्याकाळी मला विहारात बोलावणं होतं. गेलो. नवी मूर्ती, पांढऱ्या साड्यांतल्या बाया, पुढं माझ्या मोगऱ्याचा ढीग. माइकवरून सांगितलं गेलं की आजची सर्व फुले हेमराजभाऊ फुंडे यांच्याकडून, त्यांचे मंडळ आभारी आहे. मला पुढं बोलावून माझ्या गळ्यात हार घातला, माझ्याच फुलांचा. टाळ्या वाजल्या. मी काळा चष्मा लावून हात जोडून उभा होतो. परतताना मागच्या रांगेत एका बाईनं शेवंताबाईला विचारलेलं माझ्या कानावर पडलं, तुह्या झाडाचं काय झालं वं? शेवंताबाई म्हणाली, “माह्या निवडीत चूक झाली बाई.” खाली मान घालून म्हणाली. बारा वर्षं ज्या गोष्टीत तिची कधी चूक झाली नव्हती, ती चूक तिनं भर विहारात माझ्यासाठी आपल्या अंगावर घेतली, आणि कोणासाठी घेतली हे तिला माहीतही नव्हतं.

सकाळी उठून सांगायचं, असं मी ठरवलं. त्याच संध्याकाळी सांगितलं असतं तर? विहाराच्या पायरीवर, हार काढून? पण लोक होते. मी सकाळ निवडली.

सकाळी नऊला मी तिच्या अंगणात पोचलो तेव्हा न्हाणीमागं नुसतं आभाळ दिसत होतं. झाड नव्हतं. बाई पहाटे अंधारातच कामाला लागली होती. बुंधा खणून काढून, तुकडे करून खड्ड्यात घातले होते आणि ती पायानं माती लोटत होती. मला पाहून तिनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली की पाठ फिरवून उभी राहणार होते, पण आता काय देणार, नापास झाडाची काडी मी कोणाला देत नाही.

मी चष्मा काढला. सहावा दिवस होता, पण डावी बाहुली अजून उजवीपेक्षा मोठी होती. ती दोन पावलं जवळ आली, माझ्या डोळ्यात पाहिलं, आणि तिला काही सांगावं लागलं नाही. तिनं अर्धं आयुष्य या झाडाजवळ काढलं होतं.

“कधी?” तिनं विचारलं.

“सहा दिवस झाले. दुपारी. सात फांद्या कापल्या.”

मला वाटलं ती ओरडेल. शिव्या द्याव्या, असं मला मनापासून वाटत होतं. ती खड्ड्याकडे वळली आणि मातीकडे पाहत तिनं विचारलं, “म्हनजे ते नापास नव्हतं?”

मी म्हणालो, नाही.

ती खाली बसली. हातानं माती बाजूला करायला लागली, जशी काही अजून ते तुकडे जोडता येणार होते. मग थांबली आणि रडायला लागली. आतून नथ्थू विचारत होता, काहून वं, काय झालं? चोरी माझी होती, आणि तिला वाईट वाटत होतं ते तिनं झाडावर अन्याय केला याचं.

सातांपैकी पाच काड्या सडल्या. दोन लागल्या. चोरलेलं लागतं म्हणतात, ते लागलं. पावसाळ्यात मी दोन्ही रोपं नेऊन तिच्या दारात ठेवली. तिनं ती उचलून आत नेली आणि दार लोटून घेतलं. त्या दिवसानंतर ती माझ्याकडे कामाला आली नाही. मॅडमना मी सांगितलं की ती जात शेवंताबाई रामटेके यांची आहे, माझ्याकडे नाही, आणि मला तिची अक्कलही नाही. त्यांनी लॉनला दुसऱ्याकडून बोगनवेल लावून घेतली. माझ्या दुकानाचं काही बिघडलं नाही. बिघडलं असतं तर बरं वाटलं असतं.

यंदा चैत्रात त्या दोन्ही रोपांचे डबे पश्चिमेच्या भिंतीला लागले, असं मला राखीकडून कळलं. राखी माझ्याकडे कामाला आहे, शेवंताबाईच्याच गल्लीतली. बाईनं त्या रोपांना काही सवलत दिली नाही. एकानं सांजेला मान उचलली नाही, ते पुरलं. दुसरं उभं राहिलं, त्याला न्हाणीजवळ जुन्या जागी लावलं. बुद्धपौर्णिमेला त्याच्यावर नऊ फुलं होती. मी विहारात गेलो नाही, मला बोलावणंही नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावून उभा राहिलो. माइकवर शेवंताबाई आणि नथ्थू रामटेके यांच्या दारची फुले, असं म्हणाले, आणि तो वास रस्त्यापर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी राखीनं मला निरोप दिला. “शेवंताबाईनं सांगितलं, भाऊले म्हना पुनव झाली.”

मला कळायला वेळ लागला नाही. मी गेलो. ती अंगणात होती. मला पाहून बस म्हणाली नाही. झाडाजवळ गेली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. वर्षापूर्वी दिलेला शब्द ती पाळत होती. माझ्या खिशात कात्री होती. मी झाडापर्यंत गेलो, फांदीला हात लावला आणि तो हात मला पुढं नेता येईना. तिची पांढरी वेणी, खांद्याला उसवलेलं पोलकं, आणि एवढं सगळं होऊनही माझ्याकडे केलेली ती पाठ. मी कात्री खाली ठेवली.

“शेवंताबाई,” मी म्हणालो, “मले एक फांदी देता का?”

ती वळली. मी रोप मागितलं होतं, तोंडानं, जसं कोणी मागत नाही.

“मागितलेलं लागत नाही भाऊ,” ती म्हणाली.

“नाही लागलं तं नाही लागलं.”

तिनं खाली वाकून माझीच कात्री उचलली, दुभागल्याच्या वरची एक काडी तिरपी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. न्हाणीजवळ राखेची वाटी होती, तिकडे बोट दाखवून म्हणाली, “हात धुऊन जा. डोळ्याले लागन.”

मी हात धुतले. दोनदा धुतले.

ती काडी मी नर्सरीत पश्चिमेच्या भिंतीला नाही, सावलीत जपून ठेवली. रोज पाहिली. आषाढात ती खालून काळी पडली आणि गेली. आता दुसरी मागायला जायचं आहे. रोज सकाळी स्कूटर काढतो, आणि अजून त्या गल्लीपर्यंत पोचलेलो नाही.